जनावराने तार, खिळा वा प्लास्टिक गिळल्यास

काल सकाळपर्यंत सहा लिटर दूध देणारी म्हैस आज एकाएकी तीन लिटरवर येते, गव्हाणीतील वैरणीकडे पाठ फिरविते आणि रवंथ थांबवून एका जागी कुबड काढून उभी राहते. अशा वेळी घरात प्रथम दृष्ट लागल्याचा विचार होतो, नंतर अपचनाचा. तेल पाजले जाते, ओवा व काळे मीठ चारले जाते, पोट हलके व्हावे म्हणून जनावरास शेताच्या बांधापर्यंत फिरवून आणले जाते. दोन दिवस थोडा उतार पडल्यासारखे वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोग म्हशीला नि औषध पखालीला, असा हा प्रकार होतो. पुष्कळदा दुखण्याचे मूळ बोटभर लांबीच्या तारेच्या एका तुकड्यात असते आणि तो तुकडा वैरणीबरोबर मालकाच्या हातूनच जनावराच्या पोटात गेलेला असतो.

गिळलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही, आणि जनावरास बोलता येत नाही. म्हणून जनावराच्या वागणुकीतील पहिला बदल ओळखणे, घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलाविणे आणि अशी वस्तू गोठ्याच्या उंबरठ्यावरच अडविणे या तीन गोष्टींवर जनावराचा जीव अवलंबून असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत जे जनावर सहज वाचू शकते, तेच तीन आठवड्यांनी निष्णात शल्यवैद्यकाच्या हातीही बहुधा लागत नाही.

जनावर अखाद्य वस्तू का गिळते?

गाय, बैल व म्हैस यांच्या वरच्या जबड्यास पुढील दात नसतात. जिभेचा विळखा घालून चारा तोंडात ओढणे ही त्यांची खाण्याची रीत आहे. जिभेवरील खरखरीत काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे एकदा तोंडात आलेली वस्तू सहसा बाहेर टाकली जात नाही. शिवाय ही जनावरे प्रथम घाईने गिळतात व मग निवांतपणे रवंथ करतात. शेळी-मेंढी चपळ ओठांनी पाला निवडून खाते. त्यामुळे तारेचा वा खिळ्याचा अपघात तिच्यात फारच कमी आढळतो. गायी-म्हशींना अशी निवड साधत नाही. कुट्टीत मिसळलेला तारेचा तुकडा त्या मुकाट्याने गिळून टाकतात.

काही जनावरे मात्र हाडे, चिंध्या, चामडे, दोर किंवा माती मुद्दाम चघळतात. ही केवळ खोड नव्हे. आहारात स्फुरद व इतर क्षार कमी पडले, अथवा पोटात जंत झाले, म्हणजे असे वखवखणे सुरू होते. नुसत्या कडब्यावर पोसलेल्या जनावरांत ते विशेष दिसते. अशा जनावरास मारझोड करून उपयोग नाही. त्याच्या आहाराकडे पाहिले पाहिजे.

या वस्तू येतात कोठून?

पूर्वी वैरणीच्या पेंढ्या वाखाच्या वा पाचटाच्या बंदांनी बांधीत. आता अनेक ठिकाणी तारेने गठ्ठे आवळले जातात. गठ्ठा सोडताना तार तोडून तेथेच टाकली, की ती वैरणीत मिसळते. कडबा कुट्टी यंत्राने हा धोका अधिक वाढविला आहे. लांब तार जनावर कदाचित बाजूस सारील किंवा मालकाच्या नजरेस पडेल. परंतु यंत्रातून निघालेले तिचे दोन-तीन इंचांचे टोकदार तुकडे कुट्टीत दिसत नाहीत व निवडताही येत नाहीत.

घराचे वा गोठ्याचे बांधकाम चालू असताना बांधणीची तार, चुका व पत्र्याचे खिळे अंगणात विखुरतात. काम संपते, गवंडी निघून जातो, पण हे तुकडे मागे राहतात व पावसाळ्यात तेथेच उगवलेल्या गवताबरोबर जनावराच्या तोंडी लागतात. द्राक्षाच्या मांडवाची व टोमॅटोच्या आधाराची तार, काटेरी कुंपणाचे तुटके फाटे, घरातील तुटक्या सुया व टाचण्या हेही नित्याचे शत्रू होत. मूरघासाच्या खड्ड्यावर वजन म्हणून ठेवलेले जुने टायर उन्हापावसाने झिजले, की त्यांतील बारीक पोलादी तारा सुटून मूरघासात पडतात. टायर जाळलेल्या जागी अशा तारांचा पुंजकाच उरतो; तेथे जनावर कधीही चरू देऊ नये.

पोटात काय घडते?

रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट व खरे पोट. कोटीपोट सर्वांत मोठे असून मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरांहून अधिक चारापाणी मावते. त्याच्या पुढील अंगास, छातीच्या पडद्याला लागून, जाळीपोट असते. त्याचे आतील अस्तर मधमाशांच्या पोळ्यासारखे घरांचे असते. जड वस्तू तळाशी जाऊन या घरांत अडकून बसते. पुढील मार्गाने केवळ बारीक झालेला चाराच सरकू शकत असल्याने अशी वस्तू शेणावाटे पडेल ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते.

याची दोन उदाहरणे महाराष्ट्रात बरीच गाजली. २०१९ च्या पोळ्यास तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील एका बैलाने पूजेच्या ताटातील पोळीसह मंगळसूत्र गिळले. घरच्यांनी आठवडाभर रोज शेण चाळून पाहिले. पण दागिना पडला नाही. अखेर धातुशोधक यंत्राने तो जाळीपोटात असल्याचे कळले व शस्त्रक्रिया करून काढावा लागला. २०२३ मध्ये वाशिम जिल्ह्यात एका म्हशीने सोयाबीन व भुईमुगाच्या टरफलांबरोबर मंगळसूत्र गिळले. तेथेही शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहिले नाही. सोने गिळले म्हणून ही दोन्ही जनावरे तातडीने तपासली गेली. तारेच्या तुकड्याची किंमत कोणी करीत नाही. परंतु जनावराच्या दृष्टीने बोथट दागिन्यापेक्षा टोकदार तार शतपटीने घातक होय.

जाळीपोट साधारणतः मिनिटास एकदा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनाबरोबर तारेचे टोक भित्तिकेत रुतत जाते. भित्तिका छेदली गेली म्हणजे पोटातील घाण बाहेर झिरपून पोटाच्या आवरणास सूज येते. जाळीपोटाच्या पुढे लगेच छातीचा पडदा व त्यापलीकडे बोटाच्या अंतरावर हृदय असते. तार आणखी सरकली, की ती हृदयाच्या आवरणात शिरते, तेथे पू साठतो आणि मग उपाय हाताबाहेर जातो. गाभण जनावरात शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब पुढे येतो व वितांना जनावर कळा देते. त्यामुळे अनेक महिने निरुपद्रवीपणे पडून असलेली तार ऐन विण्याच्या सुमारास पुढे सरकते. म्हशींमध्ये तारेच्या इजेमुळे छातीचा पडदा दुबळा होऊन फाटण्याचा व जाळीपोटाचा भाग छातीत शिरण्याचा प्रकारही आढळतो. अशा म्हशीचे पोट वारंवार फुगते.

लक्षणे कशी ओळखावी?

पहिल्या दिवसाची लक्षणे पुढीलप्रमाणे असतात. दूध एकाएकी उतरते. चारा व रवंथ बंद पडतो. जनावर पाठीची कमान करून, पुढील पायांची कोपरे छातीपासून दूर ठेवून उभे राहते. बसताना वा उठताना, शेण टाकताना वा मूत्र करताना ते कण्हते. चालताना पाय जपून टाकते. चढाची वाट ते कसेबसे चालते, पण उताराची वाट चालण्यास कुरकुरते. कारण उतारावर पोटाचा भार पुढे येऊन तारेचे टोक बोचते. अंगात सौम्य ताप, बहुधा १०३ ते १०४ अंश, असतो. शेण थोडे व घट्ट पडते.

येथे एक फसगत होते. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, जनावर थोडे खाऊ लागते आणि मालकास ते बरे झाले असे वाटते. वास्तविक तार आतच असते. काही दिवसांनी दूध पुन्हा उतरते, पोट फुगते, जनावर खंगू लागते. वरचेवर फुगणारे पोट व वरचेवर उतरणारे दूध ही जोडी दिसताच तारेचा संशय घ्यावा.

गळ्याखालील पोळीत व छाताडात पाणी साठून सूज आली, जबड्याखाली सूज दिसली आणि मानेची मोठी शीर दोरीसारखी फुगून उभी राहिली, तर तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचल्याची शक्यता फार मोठी असते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही तीन चिन्हे पाठ करून ठेवावीत व अशा जनावराच्या मालकास खोटी आशा लावू नये.

एक साधी परीक्षा गोठ्यात करता येते. जनावर शांत असताना वशिंडामागील पाठीची कातडी दोन्ही हातांनी चिमटीत धरून दाबावी. निरोगी जनावर पाठ खाली दबविते. पोटात टोचणारी वस्तू असल्यास ते पाठ दबविण्याचे टाळते, अंग ताठ करते व कण्हते. ही परीक्षा केवळ संशयास पुष्टी देते, निदान करीत नाही. अतिधान्य खाल्ल्याने होणारे अपचन व व्याल्यानंतरचे इतर आजार यांतही दूध उतरते. म्हणून अंतिम निर्णय पशुवैद्यकाचाच असावा.

पशुवैद्यक येईपर्यंत काय करावे, काय टाळावे?

संशय येताच जनावरास एका जागी बांधावे. फिरविणे, पळविणे, गाडीस वा नांगरास जुंपणे पूर्णपणे बंद करावे. प्रत्येक हिसक्यानिशी तार पुढे सरकते. पुढील पाय मागील पायांपेक्षा वीतभर उंच राहतील अशा रीतीने मुरमाचा किंवा फळ्यांचा ओटा करून जनावर उभे करावे. त्यामुळे पोटाचा भार मागे जातो व तारेवरील दाब कमी होतो. पाणी जवळ ठेवावे. भरडा व पेंड देऊ नये; थोडी मऊ हिरवी वैरण पुढे ठेवावी.

तेल, तूप, ताक वा काढे नळीने किंवा बाटलीने पाजू नयेत. तेलाने तार विरघळत नाही व निसटतही नाही. उलट, अशक्त जनावराने मान झटकल्यास तेल श्वासनलिकेत जाते व फुप्फुसाचा दाह होऊन तारेच्या आधी तेच त्याचा घात करते. जुलाबाची औषधे देऊ नयेत. पोट चोळू नये. डाग देऊ नये. डागाच्या जखमेने वेदना वाढतात व खऱ्या दुखण्यावरील लक्ष उडते.

नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. कळविताना पुढील गोष्टी सांगाव्यात: जनावर कोणते, किती महिन्यांचे गाभण किंवा व्यालेल्यास किती दिवस झाले, दूध केव्हापासून व किती उतरले, ताप किती, पोट फुगते काय, आणि अलीकडे घरी बांधकाम झाले किंवा तारेचे गठ्ठे आणले काय. या माहितीने निदानास मोठे साहाय्य होते.

पशुवैद्यकाचे उपचार

प्रथमावस्थेत पशुवैद्यक प्रतिजैविक औषधांची टोचणी व विश्रांती यांबरोबर जाळीपोटात एक चुंबक सोडतात. हे चुंबक बोटाएवढे, सुमारे सात सेंटिमीटर लांब व गुळगुळीत कडांचे असते. ते गिळविल्यावर जाळीपोटात जाऊन आयुष्यभर तेथेच राहते. लोखंडी तुकडे त्यास चिकटून बसतात व त्यांची टोके भित्तिकेत रुतण्याचे टळते. जेथे धोका अधिक आहे, उदाहरणार्थ ज्या गोठ्यात विकतची कुट्टी वा मूरघास चारला जातो, तेथे वर्षाहून मोठ्या कालवडींना व गायी-म्हशींना आधीच चुंबक देऊन ठेवणे हिताचे ठरते. एका जनावरास एकच चुंबक पुरते. ते पूर्वी दिले आहे किंवा नाही याचा संशय असल्यास डाव्या कोपरामागे छातीच्या तळाशी होकायंत्र धरावे. आत चुंबक असल्यास सुई वळते. जुन्या ध्वनिवर्धकातील चुंबक फोडून त्याचे तुकडे चारण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्याच्या कडा तारेइतक्याच घातक असतात. तांबे, ॲल्युमिनियम, सोने व प्लास्टिक यांवर चुंबकाचा काहीच प्रभाव पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दोन-तीन दिवसांत सुधारणा न दिसल्यास शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. जनावर उभे असतानाच डाव्या कुशीतील जागा बधिर करून कोटीपोट उघडतात, हात आत घालून जाळीपोटापर्यंत नेतात व रुतलेली तार काढतात. ही शस्त्रक्रिया ऐकण्यास भयंकर वाटते. परंतु तार हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वी केल्यास बहुतेक जनावरे बरी होऊन पुन्हा दुधावर येतात. क्ष-किरण तपासणीची व मोठ्या शस्त्रक्रियांची सोय मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आहे. तेथे जनावर नेताना वाहनात वाळूचा वा पेंढ्याचा जाड थर द्यावा व वाहन सावकाश हाकावे. प्रतिजैविके चालू असताना व त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस दूध विकू नये व घरातही वापरू नये.

प्लास्टिकचा गोळा

तार टोचते, प्लास्टिक कोंडते. शिळे अन्न, भाजीची देठे व फळांच्या साली पिशवीत भरून गाठ मारून उकिरड्यावर फेकल्या जातात. जनावरास अन्नाचा वास येतो, पण गाठ सोडता येत नाही. ते पिशवीसकट सर्व गिळते. कोटीपोटातील जीवाणू कडब्यासारखा राठ चारा पचवितात, प्लास्टिक मात्र त्यांना पचत नाही. एकेक पिशवी साठत जाते, त्यात दोर, चिंध्या व जाळीच्या पोत्यांचे धागे गुंततात आणि कालांतराने दगडासारखा गोळा बनतो. जनावर पोटभर दिसते, पण उपाशी असते. २०१९ मध्ये चेन्नई येथे एका गायीच्या पोटातून शस्त्रक्रियेने तब्बल ५२ किलो प्लास्टिक काढण्यात आले. त्या वजनावरून किती वर्षांचे गिळणे तेथे साठले असेल याची कल्पना यावी.

हा धोका केवळ शहरांचा राहिलेला नाही. कलिंगड व मिरचीच्या पिकाखालील प्लास्टिकचे आच्छादन हंगामानंतर शेतातच फाटत राहते. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे व खतांच्या पोत्यांतील आतले अस्तर बांधावर पडून असते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तथापि कायद्याने उकिरडा स्वच्छ होत नाही; तो गावानेच करावा लागतो. प्लास्टिक विरघळविणारे कोणतेही औषध नाही. भूक मंदावणे, वरचेवर पोट फुगणे, डावी कूस कणकेसारखी घट्ट लागणे व जनावर हळूहळू रोडावणे ही लक्षणे दिसल्यास शस्त्रक्रिया हाच उपाय असतो.

घशात अडकलेली वस्तू आणि पिसाळरोगाचा धोका

आंब्याच्या दिवसांत कोय, तसेच बटाटा किंवा कोबीचा बुंधा अखंड गिळल्यास तो जनावराच्या अन्ननलिकेत अडकतो. जनावर मान लांबविते, खोकते, तोंडातून लाळेच्या धारा लागतात आणि गॅस बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने पोट झपाट्याने फुगते. ही तातडीची वेळ असते. एक तासाचा विलंबही प्राणावर बेततो. काठी, बांबू वा नळी घशात खुपसू नये. त्याने अन्ननलिका फाटते. जनावराचे डोके खाली राहील असे उभे करून पशुवैद्यकास बोलवावे.

येथे अत्यंत महत्त्वाची सूचना अशी, की लाळ गळणारे व गिळता न येणारे प्रत्येक जनावर घशात काही अडकलेलेच असते असे नाही. पिसाळरोगातही घशाचे स्नायू लुळे पडून नेमके हेच दिसते. असे समजून कित्येकदा माणसे गायीच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालतात व प्राणघातक रोगाला वाट देतात. आवाज बदलला असेल, जनावर अंगावर येत असेल, अथवा पूर्वी त्यास कुत्रा चावल्याचे माहीत असेल, तर तोंडात हात घालू नये. लाळेचा स्पर्श जखमेस झाल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

राखणीचा कुत्रा

शेतकऱ्याचा वा मेंढपाळाचा कुत्राही बकाबका गिळणारा प्राणी आहे. शिजविलेल्या कोंबडीची चिरफाळणारी हाडे, मक्याच्या कणसाचे बुरकुंड, आंब्याची कोय, दोऱ्यासह सुई, सुतळी आणि किनारपट्टीवर मासळीसकट गळ या वस्तू त्याच्या पोटात आढळतात. कुत्र्याचे जठर एकाच कप्प्याचे असून लहान गुळगुळीत वस्तू शेणावाटे दोन-तीन दिवसांत पडू शकते. परंतु कोय वा बुरकुंड आतड्यात अडकल्यास आतडे कुजते. वारंवार ओकारी, अन्नपाणी न टिकणे, शौचास न होणे व पोटास हात लावू न देणे ही त्याची लक्षणे होत.

कुत्र्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याची प्रथा सोडून द्यावी. मीठच विषारी ठरू शकते. शिवाय सुई, गळ वा हाडाचा तुकडा परतताना घसा फाडतो. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये. दोऱ्याचे दुसरे टोक आत गुंतलेले असते व ओढल्याने आतडे कापले जाते. गळ अडकला असल्यास दोरी न तोडता ती तशीच सैल बांधून कुत्र्यास दवाखान्यात न्यावे. खेळण्यातील किंवा घड्याळातील गोल सपाट विद्युतघट गिळला असल्यास क्षणाचाही विलंब करू नये. तो काही तासांतच अन्ननलिका भाजून काढतो.

उंबरठ्यावरची राखण

या सर्व दुखण्यांवरील स्वस्त उपाय गोठ्याबाहेरच आहे. शेतकरी बंधूंनी पुढील सवयी अंगी बाणवाव्यात:

१. वैरणीचा गठ्ठा सोडण्यापूर्वी तार कापून लगेच एका डब्यात टाकावी. तो डबा गव्हाणीजवळ कायमचा टांगून ठेवावा. स्वतःच्या वैरणीस सुतळीचे वा वाखाचे बंद वापरावेत.

२. कुट्टी यंत्राच्या तोंडाशी मोठे चुंबक बसवावे. विकतची कुट्टी व भुसा चाळून, चुंबक फिरवूनच गव्हाणीत टाकावा.

३. बांधकाम वा कुंपणाची दुरुस्ती संपली, की काठीस चुंबक बांधून सर्व अंगण व गोठा फिरून काढावा. हे काम घरची मुले आवडीने करतात.

४. मूरघासावर टायरांऐवजी वाळूच्या किंवा मातीच्या गोण्या ठेवाव्यात.

५. प्रौढ जनावरास प्रतिदिनी ३० ते ५० ग्रॅम क्षारमिश्रण व पुरेसे मीठ द्यावे आणि जंतनाशक औषध वेळच्या वेळी पाजावे, म्हणजे चिंध्या व हाडे चघळण्याची वखवख थांबते.

६. पोळ्यास वा इतर सणांस ओवाळणीच्या ताटात दागिना ठेवल्यास तो काढून मगच पोळी जनावरापुढे धरावी. फुलांच्या हारातील तार व दोराही काढून टाकावा.

७. शिळे अन्न पिशवीत बांधून फेकू नये. ते उघडे करून खतखड्ड्यात टाकावे व पिशवी वेगळी साठवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वर्षातून किमान दोनदा, सुगी संपताच व पावसाळ्यापूर्वी, गावातील चराऊ जागा व उकिरडे पाहून तार-प्लास्टिक गोळा करण्याची मोहीम घ्यावी. शाळेच्या मुलांना तीत सामील करावे, मात्र गंजलेले खिळे व काचा वेचण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. पशुवैद्यक गावात येतील त्या दिवशी चुंबक देण्यायोग्य जनावरांची यादी तयार ठेवावी. दूध संकलन केंद्रावर एखाद्याचे दूध एकाएकी निम्म्यावर आलेले आढळल्यास त्याच दिवशी त्याच्या गोठ्यास भेट द्यावी. आजारी जनावराची पहिली वर्दी पुष्कळदा दुधाच्या मापातूनच मिळते.

दुभत्या म्हशीची किंमत ही एका कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी असते. तिच्या दुधावर मुलांचे शिक्षण, किराणा व कर्जाचे हप्ते चालतात. ती म्हैस वीत-दीड वीत तारेपायी गमावणे हे दैव नव्हे. गठ्ठा सोडताना वाकून उचललेला एक तुकडा आणि दूध उतरल्याच्या दिवशीच दवाखान्यास दिलेली वर्दी, एवढ्याने अशी हानी बहुतांशी टाळता येते.